मंडळाचा लॅपटॉप पुसताना

नाही हो, चुकीच्या वेळी कसल्या येताय, बसा ना — तिथं नको, त्या खुर्चीचा पाय हलतो, इथं पंख्याखाली बसा. हसते कशाला? हसत नाहीये, सकाळपासून तोंडच असं झालंय माझं. दूधवाल्यानं पण विचारलं. आज सोमवार, गुरुवारी लग्न, आणि वय एकोणपन्नास — दुसरं काय करायचं माणसानं, शेवंतीताई? तुम्हाला खरं तर नणंदबाई म्हणायला हवं आता, पण जिभेवर येतच नाही ते. ताईच बरं. सरबत घ्या. कोकमाचं आहे, घरी केलंय — नाही, बाटलीतलं आहे. बघा, हे असं होतंय आज. पोटात काही राहतच नाहीये.

हा होय? हा मंडळाचा लॅपटॉप. पुसायला लावलाय. फडक्यानं नाही हो, आतलं सगळं! सतरा वर्षं विवाह मंडळ चालवलं मी या खोलीतून, त्यातली शेवटची अकरा या डबड्यावर. आता मंडळ बंद. हा आमच्या मुलुंडच्या ज्येष्ठ नागरिक संघाला देणार, ते बिचारे त्याच्यावर पत्ते खेळतील. पण असाच कसा देऊ? तीन हजार माणसांची खरी वयं आहेत त्यात! मला वाटलं होतं, सगळं सिलेक्ट करायचं, डिलीट दाबायचं, झालं. तर खालच्या दुकानातला धवल म्हणतो, मावशी, त्यानं काही जात नाही, नुसती दारावरची पाटी काढल्यासारखं होतं, माणसं घरातच असतात. खरं पुसायचं तर प्रत्येक जागेवर शून्य लिहावं लागतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत — शून्य, शून्य, शून्य. पेनड्राईव्ह लावून सुरू करून दिलं आणि बजावून गेला, मधे बंद करायचं नाही. बघा, एकेचाळीस टक्के. नऊ वाजल्यापासून! कुणाकुणाचं काय काय गेलं असेल, विचार करा. बोरिवलीचा एक होता, तीन वर्षांत त्याची उंची दोन इंच वाढली — चाळिशीनंतर! एकानं लिहिलेलं, मुलुंडला स्वतःचा फ्लॅट. मुलीकडच्यांबरोबर मी बघायला गेले, तर रिक्षावाला म्हणतो, मॅडम, मुलुंड कधीच मागे गेलं. आणि एक बाई, अपेक्षांच्या रकान्यात एकच ओळ — जेवताना तोंडाचा आवाज नको. मिळाला हो तिला तसा! मीच शोधून दिला, चार जणांना समोर बसवून मिसळ खायला घालून. हसा, हसा तुम्ही. मी पण सकाळपासून एकटीच हसतेय.

दशरथची फाईल? असेल यातच. गेली असेल नाहीतर — फाइली आत क्रमानं नसतात म्हणे. तुमच्याच हातचा फॉर्म होता तो, आठवतंय मला. दहा वर्षांपूर्वी तुम्ही भावाला हाताला धरून आणलंत घाटकोपरहून, आणि सगळं तुम्हीच बोललात. कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये आहे, निर्व्यसनी आहे, आई गेल्यापासून स्वतः भात लावतो. ते बसलेले वर पंख्याकडे बघत. जाताना एकच वाक्य बोलले, तुमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी कमी झालंय. ऐकून मला राग आलेला! स्थळ बघायला आलाय की वायरमन आहे? पण पुढच्या महिन्यात पहिल्या शनिवारी आले, तर पिशवीत बाटली. डिस्टिल्ड वॉटर, दुकानातून विकत घेतलेलं, पावतीसकट — कॉलेजातलं नाही हं, हे मला मुद्दाम सांगितलं. बॅटरीत घातलं, हात पुसले आणि विचारलं, काही नवीन? म्हणजे स्थळ. मी म्हटलं, नाही. बरं, म्हणाले आणि गेले. झालं! तेव्हापासून दर पहिल्या शनिवारी. बाटली, बॅटरी, काही नवीन, बरं. त्या बॅटरीला एवढं पाणी लागतच नाही, ताई! मी चमच्यानं काढून तुळशीला घालायचे — नाही नाही, तुळशीला नाही, ते अ‍ॅसिड असतं ना, बादलीत ओतायचे. आणि हात भाजला एकदा. हा बघा डाग. ते म्हणाले, कशानं भाजलं, मी म्हटलं पोळी करताना.

मग जमलं कसं म्हणता? त्यांनी नाही सांगितलं तुम्हाला? मला वाटलंच, नाही सांगणार. गेल्या डिसेंबरचा शनिवार. बॅटरीचं झाकण उघडं, बाटली हातात, मला पाठमोरे, आणि म्हणाले, काही नवीन? आणि माझ्या तोंडून निघून गेलं — नवीन काही नाही, पण मी आहे. बाई गं! मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. ते तसेच पाठमोरे. पाणी भरभर वाहून फरशीवर. मग म्हणाले, बरं. बरं, ताई! दहा वर्षं नाही ऐकून पण बरं, आणि हे ऐकून पण बरं! पण कान लाल झालेले. मागून दिसत होते ना.

काय? नाही, दहा वर्षांत दुसऱ्या कुणी हो म्हटलंच नाही — म्हणजे कसं आहे, तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे, मुलीकडच्यांना लॅब असिस्टंट म्हटलं की वाटायचं बाटल्या धुतो. एकोणीस ठिकाणी पाठवला मी बायोडेटा. एकोणीस! त्यातले अठरा नकार, आणि तो एक होकार पण — नकार. नकार म्हणायचं होतं. एकोणीस नकार. सरबत अजून देऊ?

असं बघू नका ना.

होकार होता, ताई. आला होता एक. दुसऱ्याच वर्षी. गंधाली नाव, बोरिवलीला शाळेत शिक्षिका, चांगली होती हो, वाईट सुद्धा नव्हती की मी म्हणावं, बरं झालं, वाचले ते. मेल आला शुक्रवारी संध्याकाळी — स्थळ पसंत आहे, भेट ठरवावी. मी वाचला, आणि गॅसवर दूध होतं ते ऊतू गेलं तरी बसून राहिले. दुसऱ्या दिवशी शनिवार. आले, बाटली घेऊन. काही नवीन? आणि मी म्हटलं, नाही. नेहमीसारखंच. तो एकच शब्द, ताई, पण तेव्हा तो खोटा होता. तिला कळवलं, त्यांचं दुसरीकडे जमलं. मग आठ महिने दुसरं काही केलं नाही मी, तिच्यासाठी स्थळं शोधली, डोंबिवलीचा सोन्यासारखा मुलगा मिळवून दिला, तेव्हा कुठं झोप लागली. आणि दशरथचा बायोडेटा त्यानंतर कुठेच पाठवला नाही. कुठेच नाही. तुम्ही दर महिन्याला फोन करायचात, कुणकेश्वराला नारळ ठेवून आलात त्यांच्यासाठी, आणि मी म्हणायचे, शोधतेय हो ताई, शोधतेय.

बंद कर म्हणता? नाही होत बंद, धवल म्हणाला ना — आणि काय बघणार आता, तो मेल आधीच्या एकेचाळिसात गेला की पुढच्यात आहे, मला तरी कुठं माहीत. सकाळी हे सुरू झालं ना, तेव्हा मला वाटलं, चला, तो होकार पण गेला शून्यांखाली. आता कुणालाच कळणार नाही. त्याचंच हसू येत असणार मला. लग्नाचं पण आहे, पण त्याचं पण आहे. आणि बघा, तुम्ही येऊन वीस मिनिटं नाही झाली.

नाही, त्यांना नाही माहीत. सांगणार होते. नव्हते सांगणार. गुरुवारनंतर सांगते ना, किंवा — आत्ता? आत्ता प्रॅक्टिकल चालू असेल, पोरं अ‍ॅसिड घेऊन उभी असतील — अहो ताई, फोन लावलात पण? ताई! नको, द्या, द्या इकडे.

हॅलो — ताई नाही, मी आहे. वसुधा. नाही, बरं आहे सगळं, ताई इथं बसल्यात. ऐका ना. आठ वर्षांपूर्वी तुम्हाला एक होकार आला होता. तो मी तुम्हाला सांगितला नाही. — होकार. हो. — मला सांगायचा नव्हता म्हणून. दुसरं कारण रचता येईल, पण तेच खरं आहे. — हॅलो? आहात ना? — हो, बरं चाललंय तिचं. दोन मुली आहेत. मी फोन करत असते. — हं. — हं. — नाही, मी काही म्हणत नाही. — हो. ठेवते.

पाणी द्या जरा. काय म्हणाले? आधी म्हणाले, तिचं बरं चाललंय का. आधी ते विचारलं त्यांनी. मग म्हणाले, मला राग आलाय. फार आलाय. आवाज चढवला नाही, पण मी कधी ऐकला नव्हता तसा होता तो. म्हणाले, बुधवारपर्यंत मी तुमच्याशी बोलणार नाही. बुधवारपर्यंत, ताई! मी नाही विचारलं हो, त्यांनीच दिवस सांगितला. आणि फोन ठेवायच्या आधी — गुरुवारी रजिस्ट्रारकडे अकराची वेळ आहे, आधारकार्डाची झेरॉक्स दोन घ्या, तुम्ही एकच घ्याल.

एकच घेतली होती मी! एकच!

आणि तुम्ही? तुमचा राग कधीपर्यंत? सांगा ना काहीतरी. शिव्या द्या, मालवणीत द्या, मला अर्ध्या तरी कळतील. — अहो, पिशवीतली माझ्यासाठी आणलेली साडी ठेवून जाताय म्हणजे — नाही, नाही विचारत. पण निघा आता तुम्ही. खरंच निघा. मला हसायचंय की रडायचंय तेच कळत नाहीये, आणि जे काय होईल ते बघायला मला इथं कुणी नकोय. चपला बाहेर आहेत. दार नुसतं ओढून घ्या, आपोआप लागतं. जा ना, ताई.