चांगुणाबाईंच्या मानपत्राचा कागद

मंडळी, ऐका! आधी एक प्रश्न टाकतो. उत्तर लगेच देऊ नका. चूक केली एकानं, चारचौघांत मान खाली गेली दुसऱ्याची — आणि चूक करणारा तिथंच बसलेला, तोंडाला कुलूप लावून! मग पाप मोठं कुठलं? चुकीचं, की गप्प बसण्याचं?

अहो काका, पुढचे — मान डोलवू नका! गोष्ट सुरू तरी होऊ द्या. बुवांनी खोकला काढला तरी तुमची मान डोलते!

तर गोष्ट याच गावची आहे. तुम्ही सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेली. पण अर्धीच पाहिलीत. उरलेली अर्धी सांगायला उभा राहिलोय.

चांगुणाबाई ढेबे. या गावची सुईण. इथं बसलेल्यांपैकी किती जणांना जगात आल्या आल्या त्या बाईनं हातात घेतलं? करा बघू हात वर! ... बघा. अर्धा मंडप! रस्ता नव्हता, दवाखाना नव्हता, दिव्यात तेल असेल नसेल — पण म्हातारीचे हात होते. पोटावरनं नुसता तळवा फिरवायची आणि सांगायची, "डोकं वर हाय, हितं न्हाई व्हायची, तालुक्याला न्या." एकदाही चुकली नाही. शाळेचं तोंड मात्र पाहिलं नव्हतं. आयुष्यभर अंगठा.

अन् ऐंशीव्या वर्षी काय झालं? नातसून घरात आली, छाया. तिनं नाव कोरलेली पाटी हातात दिली. "आजी, निदान नाव तरी लिहा!" म्हातारीच्या डोळ्यांत धुकं. पाटी अगदी नाकाला लावायची, आणि कोरलेल्या अक्षरावरनं बोट फिरवत फिरवत शिकायची. सहा महिने लागले, मंडळी! पण एवढा एक शब्द आला तिला. चांगुणा. सगळ्या जगात वाचता येणारा एकच शब्द!

मग महिला मंडळानं ठरवलं, आजींचा सत्कार करायचा, मानपत्र द्यायचं. काम दिलं तालुक्याच्या मंजिरी सातपुतेला. ही मंजिरी लग्नपत्रिका, भेटकार्डं करते. तिच्याकडे एक यंत्र आहे, कागद कापायचं. पाव घ्यायला जातो तेवढ्या वेळात बारीक नक्षी कापून देतं! त्यात पात्याऐवजी बोथट टोक बसवायचं, कागदावर सोनेरी फॉईल ताणून चिकटवायची. मग टोक फिरतं, दाबतं, आणि जिथं दाबेल तिथं सोन्याची रेघ. आता हसताय कशाला? कीर्तनात देवांची विमानं चालतात, आणि यंत्र चालत नाही होय!

ती रेघ नुसती दिसत नाही बरं का. कागदात जराशी रुतते. बोट फिरवलं की कळते. म्हणून तर छाया मंजिरीला म्हणाली होती, "ताई, बाकी काही असो-नसो. आजींचं नाव त्यांच्या बोटाला लागलं पाहिजे. त्यांना वाचायचंय ते!"

मंजिरी कामाची पक्की. तिनं जाड, गुळगुळीत, पांढरी कार्डशीट घेतली. आधी तुकड्यावर नमुना काढला. नाव असं उमटलं, की डोळे मिटून वाचावं! संपलं होतं काम. तिथंच थांबायचं ना?

नाही! मीपणानं डोकं वर काढलं. म्हणे — हे फार साधं दिसतंय. शाळेच्या प्रगतिपुस्तकासारखं! मोठी मोठी माणसं येणार, फोटो निघणार, लोक विचारणार हे कुणी केलं. कपाटात एक कागद होता जपून ठेवलेला. हातकागदासारखा, पिवळसर, खरबरीत, भारी! तो काढला.

तिला ठाऊक नव्हतं? होतं! येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तीच सांगायची, "खरबरीत कागदावर फॉईल घेऊ नका हो. उंचवट्यावर बसते, खळग्यात बसत नाही. रेघ तुटते." दुसऱ्याला सांगायचं शहाणपण आपल्या घरी लागू पडत नाही, हे काय मी सांगायला पाहिजे?

रेघ तुटली. चांगुणा या नावाची पार चाळण झाली. सकाळची वेळ, कार्यक्रम चारला. गुळगुळीत कागदाची गड्डी शेजारी पडलेली. अर्ध्या तासाचं काम, मंडळी! पण एवढा भारी कागद टाकवेना. आणि चुकले हे स्वतःशीसुद्धा म्हणवेना. तिनं सोनेरी शाईचं पेन घेतलं आणि तुटलेली अक्षरं भरून काढली. लांबून बघितलं. झकास! मखमली फाईलमध्ये ठेवलं आणि निघाली.

पुढचं तुम्ही पाहिलंय. हाच मंडप. माईकवर कोण होतं? मीच होतो! आजींच्या हातात फाईल दिली, टाळ्या झाल्या. आजींनी फाईल नाकाशी नेली. बोट ठेवलं. ओठ हलले, "चां..." अन् बोट थांबलं. बोटाला काही लागेना. जरा दाबून फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग बोट डोळ्यांसमोर धरलं, तर बोट सोनेरी. आणि कागदावर नाव फरपटलेलं.

तेव्हा मी काय केलं? आठवतंय ना? मी माईकवर म्हणालो, "आजी, सोनं दिसलं की लगेच खरवडून घेता काय!"

हसलात ना तुम्ही? तीनशे माणूस हसलं. म्हातारीही हसली, आपल्यामुळं कार्यक्रमाचा विचका नको म्हणून. आणि तो हात तिनं पदराखाली घेतला. तिसऱ्या रांगेत मंजिरी बसली होती. एक शब्द उच्चारला नाही तिनं. मला तर काही कळलंच नव्हतं. मी आपला विनोद जमला म्हणून खूश!

घरी गेल्यावर म्हातारीनं पाटी माळ्यावर टाकायला लावली. शेजारची पोटुशी सून आली, "आजी, जरा हात लावून बघा." तर ही म्हणाली, "नगं बाई. हात उतरलं माझं. ह्या हातांनीच माझं नाव पुसलं, चार माणसांत." साठ वर्षं ज्या हातांवर गावानं भरवसा टाकला, त्यांच्यावरचा तिचाच भरवसा उडाला. दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसायची. भाकरीसुद्धा छायानं भरवली तरच खायची.

शेवटी छायानंच मंजिरीला फोन केला. "ताई, दुसरं करून द्याल का हो? आजींच्या हातानं खराब झालं, त्यांनी फार मनाला लावून घेतलंय."

आजींच्या हातानं! तिनं त्याच दिवशी गुळगुळीत कागदावर नवं केलं आणि इथं आली. म्हातारीपुढं बसली. "आजी, हे बघा, बोट फिरवा."

आजींनी हात मागं घेतला. "नगं, पोरी. पुसंल."

तेव्हा मंजिरीचा बांध फुटला. "आजी, तुमच्या हातानं नाही हो पुसलं! मी चुकीचा कागद घेतला. अक्षरं तुटली, ती मी पेनानं भरली. कच्चं होतं ते. तुमचा काही दोष नाही, माझा आहे!"

म्हातारीनं विचारलं, "तवा का न्हाई बोललीस?"

मंजिरीनं नवं मानपत्र पुन्हा पुढं सरकवलं, म्हातारीनं ते बाजूला सारलं.

"हितं एकटीला सांगून काय व्हतंय, पोरी? हसली ती समदीच हसली. बायका पोरींना घिऊन दुसरीकडं जाय लागल्या. जिथं माझं नाव गेलं तिथं सांग. मग म्या बोट फिरवीन."

मंजिरी म्हणाली, "सांगते आजी. सप्ताह येतोय, काल्याला सगळं गाव असेल. तिथं सांगते." आणि तसंच उठून माझ्याकडे आली, सगळं सांगितलं. मी म्हटलं, बाई, नाव बदलून सांगतो तुझं, काळजी करू नको. तर ती म्हणाली, "नाही बुवा. त्यांचं नाव घेऊन हसलात ना? माझंही नाव घ्या."

आज काला आहे, मंडळी. आणि मंगळवारी चांगुणाबाई गेली.

पाच दिवस! पाच दिवस कमी पडले. मंजिरीला तेवढे पुरले असते, मलाही. अहो, मला तर सगळं कळून आठवडा झाला होता! घर काय लांब होतं? जाऊन म्हणता आलं असतं, "आजी, मी चुकीचं बोललो." मी म्हटलं, काल्याला बोलूच की, रंगवून सांगू! कीर्तनकार ना मी! म्हातारी ते हात घेऊन गेली, गाव हे हात वाईट समजतं हे मनात ठेवून गेली, आणि त्यात माझा वाटा आहे. आता हे तुमच्यापुढं बोलून मला काय मिळणार? काही नाही. पण बोललो नाही तर ती कायमची खोटी पडेल.

मंजिरी, उभी राहा बाई. बायकांच्या बाजूला, खांबापाशी. हो, तीच. बघू नका असं तिच्याकडे! तुमच्या घरात नाही का कुणी असं, ज्यानं तुमची चूक डोक्यावर घेऊन मान खाली घातलीय? सून असेल, धाकटा भाऊ असेल, कामावरचा गडी असेल. आणि तुम्ही म्हणताय, बघू, सवडीनं सांगू, चांगला मुहूर्त बघून सांगू. त्याचं घर कुठं आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?

टाळकरी, टाळ खाली ठेवा. गजर आत्ता नाही. आधी मंजिरी तिच्या तोंडानं सांगेल, मग मी माफी मागेन, आणि मग तुमच्यातल्या ज्याला आत्ता उठून कुणाच्या दारात जायचं असेल, त्यानं खुशाल जावं. काला राहू द्या, आम्ही प्रसाद बाजूला काढून ठेवतो. ते माणूस घरात आहे तोवर जा.