शनिवारचं गुप्त मंडळ

(कसबा पेठ. ललिताकाकूंच्या घरी पुतण्या ऋषी पॉडकास्टचा माईक लावून बसला आहे.)

ऋषी : ...तर सीतारामकाका त्या तीनशे वर्षांच्या गुप्त मंडळाचे शेवटचे प्रमुख. एवढंच तुमच्या तोंडून हवंय, काकू.

ललिता : तीनशे? मंडळ आमच्या लग्नानंतर निघालं.

ऋषी : ते पुनरुज्जीवन. मूळ पेशवाईतलं. दोन एपिसोड झालेत, लोक वेडे झालेत अक्षरशः.

ललिता : दिसतंय.

ऋषी : पुरावे आहेत! दर शनिवारी संभाजीकाकांच्या उंबऱ्यावर खडूचं वर्तुळ. वर्तुळ म्हणजे ब्रह्मांड.

ललिता : वर्तुळ म्हणजे अंडी आली.

ऋषी : काय?

ललिता : अंडी. चौघे मित्र तिथे दार लावून ऑम्लेट खायचे. घरात कळू नये म्हणून गुप्त. निघताना सांगायचे, मारुतीला जातो.

ऋषी : आणि विस्तवावर हात धरून शपथ?

ललिता : तवा तापलाय का बघत असतील.

ऋषी : परतताना वस्त्रं बदलायचे!

ललिता : शर्टाला वास लागतो, बाळा.

ऋषी : अवशेष जमिनीत पुरायचे. संभाजीकाका स्वतः बोललेत.

ललिता : टरफलं. त्यांचा गुलाब काय फुलायचा!

ऋषी : काकू, प्लीज. हे बाहेर गेलं तर माझं हसं होईल. उद्या तिसरा एपिसोड आहे. नुसतं ‘हो’ म्हणा ना. काका हीरो होतायत, तुम्हाला नकोय का?

ललिता : हीरो! शनिवार आला की तुझे हीरो मारुतीला, आणि मी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंपाशी. वेलदोडा चघळत यायचे आणि प्रसाद म्हणून माझ्या हातावर फुटाणे ठेवायचे. इतका राग यायचा ना!

ऋषी : सगळं माहीत होतं, तर बोलला का नाहीत?

ललिता : वाट बघत होते.

ऋषी : कसली?

ललिता : एकदा तरी विचारतील, ‘तू खाशील का?’ मलाही आवडायचं रे. माहेरी मामाबरोबर आईला चोरून खायचे मी.

ऋषी : ...रेकॉर्डिंग थांबवू?

ललिता : कशाला? चालू राहू दे. तू कोपऱ्यावरच्या गाडीवरून एक डबल ऑम्लेट घेऊन ये. आणि येताना झाकून आणू नकोस.