पौर्णिमेच्या मौनाबाबत

नाव: हरिदास सुखदेव गजभिये. वय: ६३. व्यवसाय: हॉस्पिटलच्या लॅबमध्ये टेक्निशियन होतो, आता निवृत्त. राहणार: लीड्स, मूळचा नागपूर. जबाबाची तारीख: १४ ऑक्टोबर २०२५, सकाळी ११. भाषा: मराठी. दुभाषी: तनिषा.

मी पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, मयत राकेश रामटेके, वय ६१, हा माझा तीस वर्षांचा मित्र. त्याच हॉस्पिटलात तो एक्स-रेला होता. तो वारला अमेरिकेत, अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात. पण त्याचा देह लीड्सला आणला, म्हणून इथले कॉरोनर मृत्यूची चौकशी करत आहेत. ही हकिकत मी आधी तीनदा सांगितली आहे. आज चौथ्यांदा सांगतो आणि ती आधीसारखी नाही. सांगून सांगून मी थकलो आहे, तरी सांगतो.

वाळवंटात जायची कल्पना राकेशची. तिथल्या सरकारी जमिनीवर कोणीही तंबू ठोकून चौदा दिवस राहू शकतो, परवानगी लागत नाही, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. नळ नाही, संडास नाही, शेजारी नाही. मी म्हटलं, यासाठी विमानाचं तिकीट कशाला, आपल्या मागच्या अंगणातही यातलं काही नाही. पण त्याला बुद्धपौर्णिमा अशा ठिकाणी पाळायची होती जिथे माणसाचा आवाज येणार नाही. त्याची पत्नी धम्मशीला वहिनी गुडघ्यांमुळे आल्या नाहीत. मला म्हणाल्या, भाऊजी, लक्ष ठेवा. मी हो म्हटलं.

आम्ही १० मे रोजी भाड्याच्या गाडीने तिथे पोचलो. डांबरी रस्त्यापासून अकरा मैल आत. फोनला रेंज नाही. चहूकडे निवडुंग, दोन-दोन पुरुष उंच, पण सावली पडणार हातभर. पाणी भरपूर होतं. पाण्याचे सहा कॅन होते आणि शेवटी साडेचार उरले. पाणी कमी पडलं असं कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे.

१२ मे, सोमवार, पौर्णिमा. उजाडल्यापासून सूर्यास्तापर्यंत मौन, असं ठरलं होतं. विपश्यनेच्या शिबिरात असतं तसंच: बोलायचं नाही, खुणा नाहीत, नजरेला नजर नाही. नियम राकेशनेच सांगितले. इथे एक गोष्ट नोंदवावी. राकेश बोलका माणूस. दहा दिवसांच्या शिबिरात चौथ्या दिवशी त्याने जेवणाच्या रांगेत मला क्रिकेटचा स्कोअर विचारला होता. त्यावरून आमच्या विहारात त्याची वर्षानुवर्षे थट्टा चालायची आणि थट्टेत मीच पुढे. तो म्हणाला होता, "या खेपेला बघच तू."

आमच्या ताडपत्र्या एकमेकींपासून पन्नास पावलांवर बांधल्या होत्या. सकाळी तो व्यवस्थित बसलेला दिसला. दुपारी ऊन फार चढलं. मी पाणी पीत होतो, डोक्यावर ओला पंचा होता. तो पीत होता का, हे मी पाहिलं नाही. पाहायचं नाही असा नियम होता.

दोन वाजून चाळीस मिनिटांनी राकेश ताडपत्रीबाहेर येऊन उभा राहिला. घड्याळ पाहिलं म्हणून वेळ नक्की सांगतो. तो म्हणाला, "हरिदास, जरा येतोस का?"

मला वाटलं, हरला. मी ओठांवर बोट ठेवलं आणि हसलो. बोट दाखवणं म्हणजेही मौन मोडणंच, हे मला सुचलं नाही. तोही हसला. मान डोलावून परत आत जाऊन बसला. मी डोळे मिटले. मला बरंच वाटलं, की आता तो दिवस पुरा करेल.

सव्वासात वाजता सूर्य गेला. मी चहा केला आणि दोन कप घेऊन त्याच्याकडे गेलो. "जिंकलास रे," म्हणालो. तो कुशीवर पडलेला होता. अंग तापलेलं होतं, श्वास नव्हता. मी छाती दाबली, मग गाडी घेऊन रस्त्यापर्यंत गेलो. डॉक्टरांनी उष्माघात लिहिला आहे.

तिथल्या पोलिसाने विचारलं, दिवसभरात तो काही बोलला का. मी नाही म्हटलं. लाज वाटली, एवढंच. फोनवर वहिनींनाही तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मौनातच गेले. जमलं त्यांना." तिसऱ्यांदा मी ते विहारात, शोकसभेत, सगळ्यांसमोर सांगितलं. तेव्हापासून वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच सांगतात आणि सांगताना त्यांचा चेहरा जरा शांत होतो. त्या शांतपणाचा मी पाच महिने आडोसा घेतला.

हे सांगितल्यावर तनिषाने मला विचारलं, "काका, हे पण लिहायचं?" मी म्हटलं, लिही. पुढच्या महिन्यात सुनावणीत हा जबाब मोठ्याने वाचतील आणि वहिनी पुढच्या रांगेत बसलेल्या असतील. त्यांना ते परक्याच्या तोंडून कळू नये. मी हाक ऐकली होती. उठलो असतो तर तो वाचला असता का, हे डॉक्टरांनी ठरवावं. मला विचाराल तर वाचला असता.

वरील मजकूर मला मराठीत वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो आहे, त्यात काही कमी करायचं नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. सही करून मी येथून सरळ धम्मशीला वहिनींकडे जाणार आहे. नुसती एक सही करायची आहे, असं त्यांना सांगून आलो होतो. त्या माझ्यासाठी जेवायच्या थांबल्या आहेत.