कुंडलिक आत आहे

हॅलो?… हॅलो, भोरच्या प्रेरणा मॅडमच का?… मी बनाबाई. गुंजवण्याकडची दूध संस्था… व्हय, झाडलोट करती ती. माझ्या लेकीची, शेफालीची बारकी जन्मली त्या साली तुमी हितं कॉम्प्युटर बसवाय आला होता, बाळंतिणीचे डिंकाचे लाडू खाल्ले न्हाई का?… हां, तीच मी. बारकी आता अंगणवाडीत जाती… व्हय, व्हय. पर मॅडम, आधी ऐका ना. दूध खोळंबलंय.

अवो, सकाळधरनं काटा काय बी घेईना. कॅन ठेवला की खिडकीजवळच्या कॉम्प्युटरवर लाल पट्टी… न्हाई, मापं घेणारा कुमार गेटवर हाय. कॅन पाण्याच्या हौदात उतरवतोय, नासू नयेत म्हणून. म्हणाला, मावशी, तुमी वाचून दाखवा मॅडमला.

थांबा. चष्मा… हां. 'सर्व्हर त्रुटी. चारशे तेवीस.'… त्रुटी म्हंजी चूकच ना? मग कुणाची? मी नुसतं फडकं फिरवलं, ते बी कोरडं… बरं, बरं. तुमच्यावर न्हाई ढकलत. पर आमच्यावर तरी का घेऊ?

मोठं मशीन? मागच्या खोलीतलं? ते कुमारनं बंद करून चालू केलं की. हिरवे दिवे लुकलुकत्यात… वायरी बी दाबल्या. उंदरानं कुरतडल्या का ते बी बघितलं. न्हाई.

कागदावर?… चेअरमन न्हाई म्हणत्यात. मागं लाईट गेली तवा कागदावर लिवलं, तर डोकी फुटायची येळ आली. ह्याचं फॅट कमी, त्याचं जास्ती…

हॉर्न ऐकू येतोय का? एहसान हाय तो, टँकरवाला. म्हणतो, आता निघतोच. तो गेला की सगळं दूध वढ्याला. चंद्राबाईनं तर कॅन माचीवरनं डोक्यावर आणलाय, काट्यापुढनं हलंना. मला म्हणती, "बने, तुझ्या मशिनीला निवद लागतो का गं?" काय सांगू तिला?

खाली?… हाय, बारीक लिवलंय. 'आज नवा पंधरवडा. जुना पंधरवडा बंद करता येत नाही. दुसऱ्या संगणकावर वापरकर्ता…'

थांबा, चष्मा पुसू द्या. 'वापरकर्ता कुंडलिक आत आहे.'

पुन्हा वाचू?… तेच हाय, मॅडम. 'आत आहे' म्हणतंय.

त्याला कसा देऊ फोन?… अवो, तुमाला कुणी सांगितलं न्हाई का?… गेला तो. व्हय, आमचे सेक्रेटरीच. माझा पाठचा भाऊ… हितंच, सकाळचं दूध चालू असताना, खुर्चीत बसल्या बसल्या… असू दे. असू दे, पोरी. तुला काय ठावं… डोळं पूस, तिकडं गिऱ्हाइकं असतील.

पर मला एक सांग. गेलेला माणूस कामावर कसा?… थट्टा नको करू.

आणिक कुठलं चालू? न्हाई गं. हे खिडकीजवळचंच… कुंडलिकच्या खोलीतलं?… ते हाय चालू. पर त्याचा हितं काय संबंध? त्याला कोण शिवत बी न्हाई. खोलीला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

कुणी चालू ठेवलं म्हंजी? मीच… अगं ऐक ना, मधी बोलू नको. जीव जिथं जातो तिथं धा दिस दिवा ठेवत्यात का न्हाई? घरी धोंडावहिनीनं लावलाय. पर जीव काय घरी गेला? हितं गेला. मी समई घेऊन आले, तर चेअरमन म्हणाले, हापिसात ज्योत नको, वायरी हायत. मग म्हटलं, त्यानं जाताना लावलेला उजेड तर हाय. तोच ठिवू… व्हय, सकाळ-सांज जाती. पडदा काळा पडला की माऊस हलवती. दिव्यात तेल घालावं तसं.

अस्सं?… मी हलवती म्हणून मशिनीला वाटतं, तो बसलाय?… एरवी आपोआप बाहेर पडला असता?… आगं बया! म्हंजी मीच धरून ठेवलाय त्याला.

न्हाई. बंद न्हाई करायचं. परवा धावं हाय. तेवढं सोडून काय बी सांग… चेअरमनला न्हाई देणार फोन. ते वायरच उपटतील… कळतंय गं मला, दूध लोकांचं हाय. लेकराबाळांच्या तोंडचं हाय. पर…

काय म्हणालीस? नुसतं नाव बाहेर?… आणि उजेड?… खरं सांगती? आईची आण घे… बरं. जाती. धर, फोन कानालाच हाय… हे कुलूप बी आजच अडायचं… उघडलं.

हलवला. आला उजेड. वर त्याचंच नाव… कोपऱ्यात दाराचं चित्र, हां. दाबलं… काय तरी इचारतंय. 'कुंडलिक, बाहेर पडायचे आहे का? होय. नाही.'

मला न्हाई गं इचारत. त्याला इचारतंय.

ऐकू आला मला बी हॉर्न… ए एहसान! थांब रं बाबा, गाडी सुरू नको करू!… व्हय, पोरी, व्हय. दम धर… 'होय'वर?

दाबलं.

… हाय. हाय उजेड. नुसता पांढरा. 'नाव टाका' म्हणतंय, कुणाचंच नाव न्हाई… कुमार! ए कुमार, काटा बघ रं!… काय?… घेतलं! प्रेरणा, घेतलं गं! चंद्राबाईचा कॅन पहिला लागला. ऐक, ती आता मशिनीला शिव्या देतीय. मघाशी निवद देत होती.

आता आणिक काय?… त्याचं नाव कायमचं बंद? तुझ्याकडनं होतंय ना, मग कर की… कारण लागतं? वाच… बदली. राजीनामा. निवृत्ती… न्हाई, ह्यातलं एक बी न्हाई. मोकळी जागा हाय का लिवायला? हां, मग तिथं लिव. मी सांगती, आणि ठेवती. बाहेर रांग लागलीय.

लिव. कुंडलिक गेनबा शिळीमकर वारले. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, दूध घेता घेता.