फासळ्यांवर हात

सौदीतल्या हाइल शहराच्या पासपोर्ट ऑफिसात, कायमचं मायदेशी परतणाऱ्यांच्या रांगेत पुढच्या दोघांची मराठी ऐकली आणि कमलाकरने कान टवकारले.

“मुनाफभाई, कुणाचा फोन?”

“फार्मवर माझ्या जागी आलेल्या सौदीचा. विचारतो, गाई मांसासाठी पाळलेल्या, दूध थोडंच विकायचंय? मग व्यालेल्यांना दाणा कशाला?”

“तुमची नोकरी गेली ना? आता त्याचं तो बघेल.”

“तो बघेल रे. पण वासरू पीतच राहतं, आणि गाय अंगावरचं झिजवून पाजते.”

“मग काय सांगितलंत?”

“फासळ्यांवर हात फिरव. हाताला टोचल्या तर जव दे, नाहीतर चारा पुरे.”

“समजलं त्याला?”

“म्हणतो, एकदा माझा हात धरून दाखवा.”

“जाणार की काय?”

“विमान संध्याकाळचं आहे. आत्ता दहाच वाजलेत.”