नुसती मान हलवली

नाही, नाही, सर, रांगेत तुम्ही उभं राहायचं नाही, तुम्ही तिथे कठड्यावर बसा आणि ती कॉफी घ्या – पिशवीतली लवकर गार होते – रांगेचं मी बघतो. फोनला चिकटलाय ना तो, तो बंगाली आमच्याच जहाजांच्या यार्डातला आहे, बायकोशी बोलायला लागला की कार्ड संपल्याशिवाय सोडत नाही, म्हणजे आपल्याला वेळ आहे. तर मी काय सांगत होतो – हां, तुम्ही फक्त बोलायचं. नंबर मी फिरवतो. विश्वासभाऊंचं दुकान लागेल, गावात फोन त्यांच्याकडेच आहे, माझ्या बायकोचं, जयवंतीचं, माहेर समोरच, ते हाक मारतात. माझ्यासाठी ती येत नाही आता. पण तुमच्यासाठी येईल. इथल्या क्लेमेंटीच्या युनिव्हर्सिटीतले डॉक्टर बोलणार आहेत, औषधाचे नाही, पुस्तकाचे डॉक्टर, असं मी भाऊंना सांगून ठेवलंय. तुम्ही तिला एवढंच सांगा की धनेश जे बोलला ते अभद्र नव्हतं, ते शास्त्र आहे, रोममधली मोठमोठी माणसं ते पाळायची. माझ्या तोंडून ते नीट येत नाही. मी आठवीत शाळा सोडलेला, मी बोललो की वेडगळ वाटतं.

तुम्हाला आठवत नसेल मी त्या दिवशी होतो ते. तुमच्या घरी नाही का मराठी लोक जमले होते, वहिनींनी खिचडी केली होती – माझ्या खोलीतला नंदू मला ओढून घेऊन आला, म्हणाला, चल, घरचं खायला मिळेल. मी चपलांच्या कपाटाजवळ बसलो होतो, सगळे शिकलेले, काय बोलणार मी. आणि मग तुम्ही बोलायला लागलात. खरं सांगतो, सर, इतक्या वर्षांत मला कुणी असं काही सांगितलं नव्हतं. की जगात काही गोष्टी आपल्या हातात असतात आणि बाकीच्या नसतात, आणि नसतात त्यांच्यासाठी जीव जाळायचा नाही. शहाणपण, धैर्य, न्याय, संयम – एवढं जवळ असलं की राजा काय आणि गुलाम काय, कुणी त्याचं काही बिघडवू शकत नाही. मला वाटलं, अरे, हे तर माझ्यासाठीच आहे. माझ्या हातात काय आहे? पासपोर्ट कंपनीकडे, खाट कंपनीची, सुट्टी सुपरवायझर देईल तेव्हा. पण मन माझं आहे ना – ते तर कुणी कपाटात कुलूप लावून ठेवलेलं नाही. आणि तो रोमचा सरदार – तुम्ही सांगितलात तो, भर सभेत मुलगा गेल्याचा निरोप आला, त्याने नुसती मान हलवली आणि सभा पुढे चालू ठेवली. माझ्या अंगावर काटा आला. बसमध्ये नंदू म्हणाला, खिचडीत शेंगदाणे कमी होते. मी त्याच्याशी बोललोच नाही.

मग मी सुरू केलं. खाटेवर पडलो की डोळे मिटून, जे जे आपलं आहे ते गेलं असं समजायचं, एकेक करून. तुम्ही म्हणालात ना, आधीच मनाने तयार राहिलं की घाव बसत नाही. नोकरी गेली. हात गेला ग्राइंडरमध्ये. आई गेली. आधी घाम फुटायचा, मग हळूहळू जमायला लागलं. नंदू विचारायचा, काय पुटपुटतोस. त्याने माझं नाव रोमन बाबा पाडलं, सगळी खोली त्या नावाने हाक मारायची – मारू देत, लोकांचं तोंड आपल्या हातात नाही. मी शहाणा होत होतो, सर. चांगला माणूस होत होतो. दारू सोडली मी त्यात, म्हणजे रविवारची बिअर. तेव्हा जयवंतीला सातवा चालू होता.

आता हे ऐका, चूक झाली ती इथे झाली. मी फोन केला, इथे रात्रीचं जेवण आटोपलं होतं, माझ्या डोक्यात इथलंच घड्याळ. तिथे दिवेलागण होती. हे माझ्या लक्षातच आलं नाही – देशात सूर्य आपल्यामागून मावळतो, एवढं साधं. ती खुशीत होती. नाव काय ठेवायचं विचारत होती, मुलगी झाली तर काय, मुलगा झाला तर काय, म्हणाली तुम्ही सांगा, तुमच्या पसंतीचं. आणि मी – मला वाटलं माझ्याकडे जे चांगलं आहे ते हिलाही द्यावं. सोनं पाठवता येत नाही, हे तरी देऊ. मी म्हणालो, नावाची घाई करू नकोस. मूल गेलंही, तर त्याची तयारी मनात करून ठेव.

हो. असंच म्हणालो. ह्याच शब्दांत.

मागे विश्वासभाऊंच्या बायकोने दुकानातल्या देवापुढे निरांजन लावलं असणार, घंटीचा आवाज येत होता मला. तुम्हाला माहीतच आहे, तिन्हीसांजेला असं काही बोलत नाहीत, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. माझी सासू तर तेव्हापासून म्हणते, बापानेच बोलावून घेतलंन. मुलगी झाली. चार दिवस होती. बारसंसुद्धा नाही. नाव नाहीच तिला.

नाही सर, थांबा, तुम्ही मान खाली घालू नका, त्यासाठी नाही बोलावलं तुम्हाला. सासूचं जाऊ दे, सासू आपल्या हातात नाही. जयवंती त्या तथास्तुला मानत नाही, बारावी झालेली आहे ती, माझ्यापेक्षा जास्त शिकलेली. तिचं वेगळं आहे. सांगतो. निरोप यार्डात आला. मी जहाजाच्या टँकमध्ये होतो, पत्र्यावर ग्राइंडिंग चालू, आवाजात काही ऐकू येत नाही. तो चिनी सुपरवायझर, सगळे त्याला अंकल म्हणतात, तो स्वतः आत उतरला – कधी उतरत नाही – आणि माझ्या खांद्याला हात लावून ग्राइंडर बंद करायला लावला. इंडियातून फोन, बेबी नो मोर. असं म्हणाला. मग म्हणाला, गो रेस्ट लाह – जा, पड जरा. आणि मी काय केलं सांगू? मी मान हलवली. नुसती मान हलवली, नो अंकल, कंटिन्यू म्हणालो आणि ग्राइंडर चालू केला. पाळी पूर्ण केली. त्या माणसाचे डोळे भरले होते, सर, त्याचे – माझे कोरडे. त्याने टँकच्या तोंडाशी माझ्यासाठी कॉफी आणून ठेवली आणि गेला.

आणि तेव्हा मला काय वाटलं – हे मी नंदूलाही सांगितलेलं नाही – मला वाटलं, जमलं. मला जमलं. पुढच्या वेळी माधव सरांना – तुम्हाला – सांगायचं. पहिला विचार हा, सर. मुलगी कशी दिसत होती, जयवंती कशी आहे, ते सगळं मागून.

रविवारी फोन केला. ती आली तेव्हा फोनवर, शेवटची. मला वाटलं रडेल, भांडेल, तथास्तुचं काढेल. मी सगळ्याची तयारी करून गेलो होतो. तिने एकच विचारलं. "तुम्ही रडलात का?" आता खोटं बोलायचं नाही ना, तुम्हीच सांगितलेलं, खरं सोडलं तर बाकीच्या गुणांना काही अर्थ उरत नाही. मी म्हणालो, नाही. वर म्हणालो, मी पाळी पूर्ण केली. म्हणजे मला सांगायचं होतं की मी कोसळलो नाही, तू काळजी करू नकोस, तुझा नवरा धड आहे. तिने फोन ठेवला. आपटला नाही. नीट, हळू ठेवला. त्यानंतर विश्वासभाऊ दर वेळी हाक मारतात आणि दर वेळी परत येऊन सांगतात की ती झोपलीय. दुपारी झोपलीय, संध्याकाळी झोपलीय. गेल्या रविवारी म्हणाले, धनेश, तिचा भाऊ म्हणतोय की आता तिला इकडेच राहू दे. कायमचं. बोलता बोलता बोलून गेले आणि मग तांदळाच्या भावावर आले.

म्हणून तुम्ही. तुम्ही तिला समजावून सांगा की न रडणं म्हणजे माया नसणं नव्हे, की ते –

काय?

नाही, ऐकलं मी. डोक्यावरच्या पुलावरून रेल्वे गेली तरी ऐकलं. सांगून टाक रडलो म्हणून, असं म्हणालात. तुम्ही म्हणता हे. खोटं सांगू? सर, मला ते सुचलं नाही असं वाटतं का तुम्हाला – खोटं नको म्हणून मी खरंच रडायला बसलो. आमच्या कामगारांच्या डॉर्मच्या बाथरूममध्ये, नळ सोडून. तिचा चेहरा आठवावा तर पाहिलेलाच नाही. हाक मारावी तर नाव नाही. एक थेंब आला नाही. आईचं मरण आणलं डोळ्यांपुढे, ते तर मी इतक्या वेळा आणलंय की आता काही होतच नाही त्याने. सगळी माणसं मी आधीच मारून ठेवली आहेत, सर, कुणी उरलंच नाही रडायला. तुम्ही सांगा ना, परत कसं आणायचं ते? त्याचं काही असेल ना त्या रोमच्या पुस्तकांत? तुम्ही कसं करता? तुमच्या लेकीला, किमयाला, शाळेच्या बसमध्ये बसवताना तुम्ही मनात तयारी करता, तेव्हा नंतर कसं –

करत नाही, म्हणता.

कधीच नाही?

म्हणजे ते नुसतं भाषण होतं. बरं. त्या महिन्यात कुणीतरी काहीतरी बोलायचं होतं आणि तुमची पाळी होती. बरं, बरं. नाही, तुमचं काही चुकलं नाही, मी कुठे म्हणतोय. भाषण चांगलंच होतं. बाकीच्यांनीही ऐकलं, ते खिचडी खाऊन घरी गेले. मीच एकटा तिथे चपलांपाशी बसून –

झालं वाटतं त्या बंगाल्याचं. हां भाई, हो गया? नाही, सर, उठू नका, तुम्ही बोलायचं नाही आता. काय सांगणार तुम्ही तिला? आणि मी तरी काय सांगणार. जा तुम्ही, वहिनी वाट बघत असतील. नंतर बघू असं म्हणू नका, नंतर काही नाही. ओ तंबी, छोटे भाई, तुम जाओ आगे, तुम्हारा नंबर. हां, तुम ही. मुझे नहीं करना.