घैसासांचा काटा

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. काही बिघडलं, की माणूस पहिलं बोट कुणाकडे दाखवतो? — काय म्हणालात मावशी? नवऱ्याकडे? बघा हं, हे तुम्ही म्हणालात, मी नाही!

तर ऐका, त्रिविक्रम घैसासांनी बोट कुठे कुठे दाखवलं ते!

हे घैसास समुद्राचे शास्त्रज्ञ. विद्वान माणूस, खोटं कशाला बोला! पण स्वभाव असा, की नाकावर माशी बसली तर आधी तिची पदवी विचारतील! त्यांचं म्हणणं काय? "आपण धूर सोडतो. त्यातला कार्बन वायू समुद्र गिळतो, खोल तळाशी नेऊन ठेवतो. विषय संपला!"

एकदा भर सभेत त्यांच्याच वर्गात शिकलेली वृंदा तोरसकर उठली. म्हणाली, "त्रिविक्रम, गिळतो हे खरं. पण खाली गेलेलं परत वर येतं, ते कुठे येतं? तेही सांग की!"

झालं! सभा हसली आणि घैसासांनी अबोला धरला. दोन दिवसांचा नव्हे हो, वर्षानुवर्षांचा!

आणि देवाची करणी बघा! ऐन पावसाळ्यात ओमानच्या किनाऱ्याकडे संशोधनाचं जहाज निघालं, त्यावर हे दोघेही! जेवायला टेबल एकच. मग निरोप्या कोण? आचारी बाबल मांजरेकर!

"बाबल, बाईंना सांग, मीठ इकडे सरकवा."

"बाईनू, सायब मीठ मागतत."

"बाबल, साहेबांना सांग, त्यांच्याच कोपरापाशी आहे!"

आता घैसासांचं एक यंत्र होतं. जहाजाखालचं पाणी आत ओढायचं आणि त्यात कार्बन वायू किती ते काट्यानं दाखवायचं. हवेपेक्षा पाण्यात कमी, तर समुद्र गिळतोय! परतल्यावर मोठी परिषद होती, घैसासांचं भाषण लिहून तयार होतं. फक्त काटा खाली राहायला हवा!

ओमानचा किनारा जवळ आला — आणि काटा चढायला लागला! पाण्यातच वायू जास्त! मंडळी, समुद्र गिळेना, समुद्र ओकायला लागला!

घैसास धावले ते थेट स्वयंपाकघरात. "बाबल! तुझ्या चुलीचा धूर माझ्या यंत्रात शिरतोय!"

"सायबानू, शेगडी विजेची! धूर खंयचो?"

"तरी बंद!"

शेगडी बंद. सगळं जहाज चिवडा आणि केळ्यांवर. काटा? — वर! एका खलाशाच्या कानामागची विडी समुद्रात गेली. काटा? — आणखी वर! शेवटी हुकूम सुटला, "यंत्राजवळ कुणी श्वास सोडायचा नाही!" बिचारे कप्तान गाल फुगवून तिथून जायचे, पुरीसारखे!

शेवटी त्यांचाही फुगा फुटला. "घैसाससाहेब, अशा वाऱ्यात माणसं उपाशी ठेवून मी थांबणार नाही. आज चूल पेटली नाही, तर जहाज माघारी!"

घैसास डेकवर एकटेच उभे राहिले. यंत्र तपासून झालं होतं, त्यात खोट नव्हती. काटा खरा, तर वृंदा खरी! आणि वृंदा खरी, तर आपण कोण? स्वयंपाकघरात डोकावून हळूच म्हणाले, "बाबल, बाईंना विचार, काटा का चढतो?"

बाबल बसल्या जागेवरून म्हणाला, "सायबानू, पोटात अन्नाचो कण नाय. माका उठवत नाय. तुमीच इचारा!"

गेले. वृंदाच्या खोलीच्या दारात उभे राहिले. इतक्या वर्षांनी गंजलेला आवाज निघाला, "वृंदा... काटा खाली येत नाही गं."

ती हसली नाही, मंडळी! उठली, डेकवर आली, दोरीला बादली बांधली, समुद्रात सोडली, वर ओढली. "हात घाल."

घैसासांनी हात घातला आणि झटकन काढला. "गार! एवढं?"

"वरचं पाणी कोमट असायला हवं. मग हे आलं कुठून? खालून! किनाऱ्याला धरून हा वारा सुटतो, वरचं पाणी बाहेर ढकलतो. मग त्याची जागा घ्यायला खोलवरचं पाणी वर येतं. वरचे बारीक जीव मरतात, खाली पडतात, तिथे कुजतात, म्हणून त्या पाण्यात कार्बन ठासून भरलेला असतो. उजेडात आलं, ऊब लागली, की तो हवेत सुटतो. कुठे बर्फाळ समुद्रात पाणी गार होतं, जड होतं आणि कार्बन घेऊन बुडतं. कुठे असं वर येतं. हे फिरणं चालूच असतं."

"म्हणजे मी इतकी वर्षं चूक सांगत होतो?"

"अर्धं बरोबर सांगत होतास. सगळा मिळून समुद्र गिळतोच जास्त. पण उरलेलं अर्धं विचारलं, तर तू बोलणंच टाकलंस!"

घैसास तडक खाली गेले आणि शेगडीचं बटण स्वतःच्या हातानं दाबलं. त्या दिवशी जहाजावर वरणभात असा काही जेवला गेला म्हणता!

परिषदेत त्यांनी जुनं भाषण वाचलंच नाही. उभे राहिले, म्हणाले, "माझं अर्धवट होतं. तोरसकरांनी तेव्हाच सांगितलं, मी ऐकलं नाही. पुढचं त्याच सांगतील." आणि शेजारची खुर्ची ओढून, वही उघडून, ऐकायला बसले!

हसता काय? घैसासांना निदान काट्यानं तरी खरं सांगितलं. आपला काटा चढतो तेव्हा आपण सुनेचं भांडं आपटणं धरतो, भावाचा स्वर धरतो, शेजाऱ्याचा रेडिओ धरतो! सगळ्यांचं सगळं बंद करतो, आणि आत किती जुनं साठलंय, तिथे हात घालत नाही! ज्याच्याशी बोलणं टाकलंय, त्याच्याकडे आज स्वतःच्या पायांनी जा. नातवाला पुढे करू नका!

— अहो, कुठे निघालात? बसा, बसा! आरती व्हायची आहे अजून!